मरद केळगे आणि भागुअक्कांचा डबा

"काही लोकांना डबा घेताना दोन-दोन हात असतात बगा. द्यायची येळ आली की दोन्ही लुळे."

हे वाक्य वरून आलं. आकाशातून नव्हे, दुसऱ्या मजल्यावरून, स्वयंपाकघराच्या मागच्या डक्टमधून. बसवनगुडीतली ती जुनी इमारत ज्याने बांधली, त्याने हवा खेळती राहावी म्हणून हा डक्ट ठेवला होता. हवा काही कधी खेळली नाही. पण दुसऱ्या मजल्यावर फोडणी पडली की पहिल्या मजल्यावर शिंक येते, आणि वरच्यांनी टाकलेला शब्द नेमका खालच्यांच्या कढईत पडतो.

संयोगिता त्या वेळी कढईच घासत होती. तिचा हात थांबला.

"कुणाचं म्हणतीस?" हे कल्लाप्पा. कल्लाप्पा दिवसाकाठी जेवढं बोलत, त्यातला बराचसा भाग इथेच खर्ची पडला.

"कुणाचं म्हंजे? खालच्या वैनींचं. दिसामागनं दिस चाललेत. आपून गेल्यावर देणार हाईत व्हय? हेब्बाळला, टपालानं?"

खालच्या वैनी म्हणजे संयोगिता. आता ही गोष्ट साधी नव्हे. संयोगिताच्या माहेरचे पूर्वज शहाजीराजांच्या फौजेबरोबर बंगळूरला आले, असं घरात सांगतात. फौज परत गेली, हे राहिले. त्यांनी तलवारी ठेवून दिल्या, शिंपीकाम केलं, शाळा काढल्या, बँकेत चिकटले, मराठीत निम्मं कानडी घातलं. पण कुणाचं भांडं बुडवलं असं या घराण्याबद्दल कुणी कधी बोललं नव्हतं. ते आज एका निपाणीच्या बाईने, तेही डक्टमधून, बोलून दाखवलं.

"ऐकलंत?" ती नवऱ्याला म्हणाली.

गिरीराज पेपर वाचत होता. तो पुण्याचा. बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात सबंध नोकरी काढून नुकताच निवृत्त झालेला. "बरोबरच आहे त्यांचं," तो पेपराआडून म्हणाला. "डबा आपल्याकडेच आहे."

डबा होता, ओट्यावरच्या फळीवर, अगदी समोर. स्टीलचा, कडीचा, झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी 'भा. क.' कोरलेला. भागुबाई कल्लाप्पा. वरच्या बिऱ्हाडाने सामान लावलं त्याच दिवशी तो पहिल्यांदा खाली आला होता, शेंगदाण्याची चटणी घेऊन. रिकामा डबा परत द्यायचा नाही, हे काही कुणी शिकवावं लागत नाही; संयोगिताने त्यातून चिरोटे पाठवले. मग वरूनही रिकामा कसा येणार? त्यातून धपाटे आले. तेव्हापासून तो डबा जिन्यावर आहे. लेकीच्या, दिव्यश्रीच्या, बारावीत होता, कल्लाप्पांच्या मोतीबिंदूत होता, लॉकडाऊनमध्ये दोरी बांधून डक्टमधून खाली-वर झाला. डबा ज्याच्या घरी, पुढची पाळी त्याची. असा हा कारभार, आणि त्यात कधी खंड पडला नव्हता.

या वेळी पडला होता. शेवटचा डबा आला तो बेळगावी कुंदा घेऊन. भागुअक्कांनी तो ओट्यावर ठेवला आणि पदराला हात पुसत म्हणाल्या, "आमचा प्रणीत म्हणतोय हेब्बाळला या म्हणून. तिथं लिफ्ट हाय. ह्यांचं गुडघं बघता न्हवं तुमी."

"अय्यो, लिफ्ट आहे? मग बरंच झालं की," संयोगिता म्हणाली.

त्या दिवसापासून सगळी इमारत लिफ्टबद्दलच बोलत होती. तळमजल्यावरचे मधुकरराव म्हणाले, लिफ्ट चांगल्या कंपनीची आहे ना बघा. कुणी म्हणालं, वीज गेली तर? कुणी म्हणालं, तिथे तळं आहे, डास असतील, पण लिफ्टला डास येत नाहीत. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, मुलाच्या घरी निघालेल्या बाईला इतक्या लोकांनी इतक्या वेळा लिफ्टची माहिती विचारली की एखाद्याला वाटावं भागुअक्का लिफ्टमध्येच राहायला चालल्या आहेत. संयोगिताही लिफ्ट, लिफ्ट म्हणाली, खाली आली, आणि त्यानंतर वर गेलीच नाही. त्यांची बांधाबांध चालली असेल, आपली अडचण नको, असं ती स्वतःला सांगत होती. डबा द्यायचा तर काहीतरी शोभेसं घालून द्यायला हवं, असंही सांगत होती. शोभेसं काही सुचत नव्हतं. शेवटच्या डब्यात काय घालतात, याचा रिवाज कुठे आहे?

लेकीला मात्र हैदराबादेत बसून आईचा उतरलेला आवाज ऐकू आला. दिव्यश्री फोनवर म्हणाली, "आई, तू घरात बसून बुरशी धरशील. मी तुझ्या फोनमध्ये एक खेळ घातलाय. लोक जगभर छोटे-छोटे डबे लपवून ठेवतात आणि जागेचे आकडे नेटवर टाकतात. आपण नकाशा बघत जायचं, डबा शोधायचा, आतल्या कागदावर सही करायची. आतली एखादी वस्तू घेतलीस तर आपली एक ठेवायची. बस्स."

"म्हणजे रिकामा ठेवायचा नाही."

"हो, तसंच."

"मग हे आपलंच की गं. यात इंग्रजांनी नवीन काय केलं?"

सगळ्यांत जवळचा डबा निघाला विद्यापीठाच्या रानात. शहराच्या मधोमध हे जुनं रान कसं काय टिकून राहिलंय देव जाणे. राजांच्या काळात लावलेले वृक्ष, त्यांत पक्षी, आणि फाटकावर 'पक्षीधाम, शांतता राखा' अशी पाटी. रविवारी जायचं ठरलं. ही बातमी डक्टला कळल्यामुळे इमारतीला कळली. मधुकररावांनी जिन्यात गाठून सांगितलं की रानात साप असतात, खिशात कांदा ठेवा. कांद्याचा सापाशी काय संबंध हे विचारल्यावर ते म्हणाले, संबंध गोत्तिल्ला, माहीत नाही, पण माझ्या मावसभावाला आजपर्यंत साप चावलेला नाही. गिरीराजने खरोखरच कांदा घेतला. निवृत्त माणसाला कुणीतरी सूचना दिली की बरं वाटतं.

आदल्या दिवशी संयोगिताने चिरोटे केले. साटं लावून, पदर सोडवून, वर पिठीसाखरेची मुक्त उधळण. डबा गळ्यापर्यंत भरला. डक्टमधून पडलेल्या त्या वाक्याला हेच उत्तर होतं: बघा, लुळे हात काय करतात ते. सकाळी रानात निघताना ती डबा घेऊन वर गेली.

दाराला कुलूप. दोघं हेब्बाळला कपाट कुठे मावतं ते बघायला गेले होते.

तिला सुटल्यासारखं वाटलं. सुटल्यासारखं वाटलं याचा रागही आला. डबा पिशवीत घालून ती खाली उतरली, आणि असा तो चिरोट्यांचा डबा रानाच्या वाटेला लागला.

फाटकावर मंजुनाथ नावाचा पहारेकरी होता. त्याच्या मिशा पक्षीधामात शोभतील अशाच होत्या, दोन्ही बाजूंना पसरलेल्या. त्याने कानडीत विचारलं, चालायला आलात, झाडं बघायला, की पक्षी? संयोगिता अस्खलित कानडीत म्हणाली, "डबा शोधायला."

मंजुनाथने तिच्याकडे, मग गिरीराजकडे, मग त्याच्या फुगलेल्या खिशाकडे पाहिलं. गिरीराजने कांदा काढून दाखवला. त्याने परिस्थिती सुधारली नाही.

"डबा असा प्रकार इथे नाही," मंजुनाथ म्हणाला. "चालणारे, झाडंवाले, पक्षीवाले. चालणाऱ्यांची वेळ संपली. झाडंवाल्यांना विभागाची चिठ्ठी लागते. पक्षीवाले आज चालतील, आज पक्षीगणना आहे."

"हा मिशाळ काही सोडायचा नाही," संयोगिता नवऱ्याला मराठीत म्हणाली, आणि मंजुनाथला कानडीत म्हणाली, "आम्ही पक्षीवाले."

तर ते पक्षीवाले झाले आणि देवाप्पा सरांच्या ताब्यात गेले. देवाप्पा सर निवृत्त प्राध्यापक. गळ्यात दुर्बीण, डोक्यावर पालापाचोळ्याच्या रंगाची टोपी, आणि आवाज असा खालचा की त्यांच्या घरच्यांना ते रागावलेलेही कळत नसावेत. त्यांनी गिरीराजला कुजबुजत विचारलं, "अलीकडे काय पाहिलंत?"

"कबुतरं," गिरीराजही कुजबुजला.

"कुठली?"

"बाल्कनीतली."

देवाप्पा सरांनी त्यांना रांगेत शेवटी घातलं. ते पथ्यावरच पडलं. रांग वळणावर वळली तशी ही दोघं सरळ गेली. फोनमधला निळा ठिपका झाडांच्या सावलीत शिरताच पिऊन आल्यासारखा झोकांड्या खाऊ लागला; कधी यांच्या डोक्यावर, कधी पलीकडच्या बांबूत. शेवटी गिरीराजने चष्मा वर करून खेळातली खूण वाचली. ती इंग्रजी अक्षरांत होती.

"हाले मरद केळगे," त्याने वाचलं. "हा मरद केळगे कोण? पैलवान वाटतो."

"काय?"

"आडनाव नगरकडचं असणार. त्याचा पुतळा वगैरे असेल इथे. हाले म्हणजे आपण जवळ गेलो की हलत असेल."

संयोगिताने फोन घेतला आणि कपाळावर हात मारला. "अहो, हळे मरद केळगे! मर म्हणजे झाड. जुन्या झाडाखाली. सगळं आयुष्य या गावात गेलं तुमचं!"

"कारखान्यात हिंदी चालायची," गिरीराज दुखावून म्हणाला. "आणि 'मर' म्हणजे झाड, हे मराठी माणसाने लक्षात तरी कसं ठेवायचं? कुणाला छायेत बस म्हणायचं तर भांडण व्हायचं."

मरद केळग्यांचं निधन झालं, तरी प्रश्न राहिलाच. जुन्या झाडाखाली म्हणजे कुठल्या? त्या रानात सगळीच झाडं जुनी. हे म्हणजे बसवनगुडीत उतरून 'देवळाजवळच्या घरी जायचंय' म्हणण्यासारखं. संयोगिताने पर्जन्यवृक्षाखाली पाहिलं, उंबराखाली पाहिलं, चिंचेखाली पाहिलं. एका चिंचेखाली एक मोर होता. त्याने अशा नजरेने पाहिलं की तिने आपण होऊन "सरी, सरी", म्हणजे बरं, बरं, म्हटलं आणि ती मागे फिरली. गिरीराज थकून एका अवाढव्य वडाच्या मुळावर बसला आणि लगेच उठला. काहीतरी टोचलं होतं. साहेब खजिन्यावर बसले होते.

खजिना म्हणजे प्लास्टिकची एक डबी. झाकण तडकलेलं, कडेने मुंग्या. आत केसांची एक क्लिप, एक गोटी, किल्लीविना एक किचेन आणि सह्यांचा दमट कागद. पण सापडली! संयोगिताला शाळेत पहिला नंबर आल्यासारखं वाटलं. कितीतरी दिवसांनी काहीतरी हरवण्याऐवजी सापडलं होतं. तिने सही केली, गोटी घेतली, आणि मग त्या डबीकडे पाहून तिला वाईट वाटलं. जगभरचे लोक येतात आणि घरात नको असलेल्या वस्तू ठेवून जातात. अशी कुणाची डबी भरतात का?

तिने पिशवीतून भागुअक्कांचा डबा काढला. खेळाच्या डबीत खाण्याचं ठेवू नये, असा नियम आहे. तो दिव्यश्रीने सांगितलाही होता. पण नियम इंग्रजीत होता आणि चिरोटे समोर होते. एकच ठेवू, कागदात गुंडाळून, असं म्हणून तिने कडी उघडली, तेवढ्यात मागून कुजबुज आली.

"हलू नका!"

देवाप्पा सर. मागे सगळी रांग. संयोगिताने उघडा डबा जसाच्या तसा वडाच्या ढोलीत ढकलला आणि पुढे पदर पसरून उभी राहिली. रांगेतल्या सगळ्या दुर्बिणी तिच्यावर रोखल्या गेल्या. तिने डोळे मिटले. पण दुर्बिणी तिच्या डोक्याच्या थोड्या वर होत्या, जिथे फांदीवर धनेशाची जोडी बसली होती. "किती भाग्यवान आहात," देवाप्पा सर गहिवरून पुटपुटले. "यंदा प्रथमच. आता सगळे हळूहळू मागे. ताई, तुम्हीसुद्धा. जोडीला त्रास नको."

मागे म्हणजे पार तळ्याच्या बाजूपर्यंत. गणनेत पक्षीवाल्याने रांग सोडायची नसते, हे मघाशी एकदा सुटलेल्यांना देवाप्पा सरांनी हाताला धरून समजावलं. संयोगिताने घारी पाहिल्या, बगळे पाहिले, तांबट ऐकला. तिला दिसत होता फक्त उघडा डबा. शेवटी निसटून ती वडापाशी पोचली, तेव्हा उशीर झाला होता.

वडावर माकडं होती. सगळ्या माकडांना पिठीसाखरेच्या पांढऱ्या मिशा फुटल्या होत्या. एक म्हातारं माकड फांदीवर मांडी घालून चिरोट्याचा एकेक पदर सोडवून खात होतं, आणि खरं सांगायचं तर चिरोटा असाच खायचा असतो. संयोगिताला क्षणभर त्याच्याबद्दल आदर वाटला. डबा त्याच्या बगलेत होता.

"ए! तो डबा दे!" ती ओरडली.

माकडाने ऐकलं. देताना मात्र त्याने तो अशा उंचीवरून दिला की डबा फांदीफांदीवर आपटत, घंटा बडवत खाली आला. रानातले होते नव्हते तेवढे पक्षी उडाले. धनेशाची जोडीही. तळ्याकडून देवाप्पा सरांचा आवाज आला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच तो सगळ्यांना नीट ऐकू आला.

गणनेचा दिवस असल्याने पक्षीधामाचे अधिकारी जागेवर होते. त्यांच्या टेबलावर डबा ठेवला गेला. पक्षीधामात खाद्यपदार्थ आणणं, वन्यप्राण्यांना मिष्टान्न देणं, गणनेत व्यत्यय. अधिकारी शांतपणे कानडीत बोलत होते, त्यामुळे जास्त लागत होतं. पुन्हा असं करणार नाही, हे संयोगिताने कबूल केलं. मग डबा न्यायला तिने हात पुढे केला.

"नाव?"

"संयोगिता गिरीराज."

अधिकाऱ्यांनी झाकण तिच्याकडे वळवलं. "यावर 'भा. क.' आहे."

त्यांना ते कोरलेलं कुणी वाचून दाखवलं, हे विचारायचं संयोगिताला सुचलं नाही. गिरीराजला मात्र नको ते सुचलं. "भा. क. म्हणजे भारत, कर्नाटक," तो मोडक्या कानडीत म्हणाला.

"ज्यांचं नाव, त्यांनी यावं," अधिकारी म्हणाले आणि डबा कपाटात ठेवून टाकला.

संध्याकाळी ती गांधी बाजारात जाऊन आली. तसलाच डबा मिळाला तर वर 'भा. क.' कोरून घ्यायचं आणि कुणाला काही बोलायचं नाही, असा बेत होता. भांड्यांचा दुकानदार म्हणाला, "हळे मॉडेल अक्का, आता येत नाही." आणि नावं? नावं आता कोण कोरतं? हल्ली भांडी जातात तिथून परत येतच नाहीत, असं त्याने अगदी सहज सांगितलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

तेव्हा वर जाण्याशिवाय गत्यंतर नव्हतं. तो जिना चढताना तिला कळलं की कल्लाप्पांच्या गुडघ्यांचं काय होत असेल. आत खोकी होती, दोऱ्या होत्या, भिंतीवर कॅलेंडर होतं तिथे नुसता चौकोन होता. भागुअक्का जमिनीवर बसून भांडी पेपरात गुंडाळत होत्या. संयोगिताने उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. डक्टपासून माकडापर्यंत.

भागुअक्कांनी हातातलं भांडं गुंडाळून खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "माकडानं खाल्ले?"

"हो."

"समदे?"

"हो."

"आवडले?"

"पदर सोडवून खात होतं."

"माज्यापरीस शाणं हाय," भागुअक्का म्हणाल्या, आणि पुन्हा भांडं गुंडाळायला लागल्या. पण ते भांडं मघाशी गुंडाळून झालेलंच होतं. "जाऊ या की मग उद्या. अवो, ऐकलं का? उद्या माकडाकडं जायचंय!"

"हं," आतून कल्लाप्पा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी चौघंही टॅक्सीतून फाटकाशी उतरली. कल्लाप्पांना गुडघ्यांसाठी सावकाश उतरवेपर्यंत एक बस येऊन थांबली. भागुअक्कांनी तिची पाटी अक्षर अक्षर लावून वाचली. हेब्बाळ. बस गेली तरी त्या तिकडेच पाहत होत्या. मग मंजुनाथकडे वळून त्यांनी कानडीत विचारलं, "ही बस आयतवारी पण असते का रे?"

मंजुनाथने त्यांच्या बोलण्याचा सूर ऐकला आणि मिशा रुंदावल्या. "अक्का, निपाणीच्या काय तुमी?" त्याने मराठीत विचारलं. "मी संकेश्वरचा की."

संयोगिता गार पडली. "म्हणजे काल तुम्हाला सगळं कळत होतं?"

"मिशाळ म्हटलासा, तेबी," मंजुनाथ अदबीने म्हणाला. "चला, साहेब वाट बघालेत. 'भा. क.' मीच वाचून दाखवलं त्यांना."

कपाटातून डबा निघाला. मंजुनाथने तो टेबलावर ठेवताना जरा संकोचून सांगितलं, की माकडांनी चाटूनपुसून ठेवला होता, पण रिकामा डबा द्यायला बरं वाटेना, म्हणून फाटकापाशी पडलेल्या चार चिंचा घातल्यात. अधिकाऱ्यांनी हे न ऐकल्यासारखं केलं. ते भागुअक्कांना म्हणाले, "भा. क. तुम्हीच ना? घेऊन जा."

भागुअक्कांनी डब्याकडे पाहिलं. हात पदरातच ठेवले. "माझा न्हाई," त्या म्हणाल्या.

"अय्यो! तुमचं नाव आहे त्यावर!" संयोगिता म्हणाली.

"नाव असंल. मी दिला की तुमचा, तुमी दिला की माझा. तुमी मला कुठं दिलाय? तुमी माकडाला दिलाय."

"मी तुम्हालाच द्यायला आले होते, दाराला कुलूप होतं! तुमचा आहे, तुम्ही घ्या."

"तुमीच घ्या."

"मी नाही घेणार. मी घेतला म्हणजे मला भरून द्यावा लागणार, आणि तुम्ही तर—" संयोगिता थांबली. "लिफ्ट आहे तुमच्याकडे," ती म्हणाली.

"व्हय. लिफ्ट हाय," भागुअक्का म्हणाल्या.

अधिकाऱ्यांनी मंजुनाथला विचारलं, "काय म्हणतायत?"

मंजुनाथने डोकं खाजवलं. "सर, डबा दोघींचाही नाही म्हणतायत. आणि लिफ्टचं काहीतरी आहे."

अधिकाऱ्यांच्या कारकिर्दीत जप्त केलेल्या वस्तूंवर लोक भांडले होते, पण प्रत्येकाने ती आपलीच म्हणून. हा प्रकार त्यांच्या नियमात बसत नव्हता. "कुणीतरी एकीने खरं सांगा," ते हताशपणे म्हणाले. "नाहीतर हा डबा कायमचा इथे राहील."

खोलीत शांतता पसरली. अशी शांतता देवाप्पा सरांना काल हवी होती.

आणि मग कल्लाप्पा बोलले. दाराजवळच्या खुर्चीतून, गुडघ्यावर हात ठेवून, त्यांनी एका दमात आठवड्याभराचं बोलणं उरकलं. "साहेब, माझ्या बायकूला डबा नकोच होता. डक्टात तोंड घालून वरडत होती ही. मी म्हटलं, एवढ्या मोठ्यानं का गं? तर म्हणाली, ऐकू जाऊ दे. ह्या वैनींनी वर पाय टाकायचं सोडलंय, आता भांडायला तरी येतील."

सगळ्यांनी भागुअक्कांकडे पाहिलं. ज्या बाईने मिरच्या कशा वाळवाव्यात इथपासून सूर्याने कुठून उगवावं इथपर्यंत सगळ्या इमारतीला सल्ले दिले, ती बाई टेबलाच्या कडेचा टवका नखाने खरवडत होती. कोरलेल्या ठिपक्यांवर उजेड पडला होता. गिरीराजने खिशात हात घातला, तिथे कांदा लागला, म्हणून पुन्हा बाहेर काढला.

संयोगिताने डबा उचलला. इतक्या वर्षांत तिने त्यांना 'तुम्ही'शिवाय हाक मारली नव्हती. अक्का म्हणायची, पण शेजारधर्माची अक्का, घरातली नव्हे.

"अक्का," ती म्हणाली, "भाऊजींचे गुडघे आहेत, तू जा. दर आयतवारी ती बस धर आणि इथे ये, मी डबा घेऊन फाटकाबाहेर उभी राहीन, पक्षीवाली होईन, झाडंवाली होईन, म्हणशील ती होईन. पण लिफ्ट-लिफ्ट पुरे झालं. मला करमायचं नाही गं तुझ्याशिवाय."

अधिकाऱ्यांनी मंजुनाथकडे पाहिलं. मंजुनाथने घसा साफ केला, भाषांतराला तोंड उघडलं. पण अधिकाऱ्यांनी हात वर करून त्याला थांबवलं.

"सरी, सरी," ते म्हणाले. "हे कळलं."